अठराव्या वर्षानंतर

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विशेष शाळेच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. सभेचा विषय सहलीचा असो, शाळेच्या बसचा असो की नव्या अभ्यासक्रमाचा, शेवटी एखादी आई उठते आणि विचारते, "आमच्यानंतर याचं काय?" मग ठेवींची चर्चा होते, वसतिगृहांची होते, भावंडांनी कितपत जबाबदारी घ्यावी याची होते. ही चर्चा व्हायलाच हवी. पण तिच्या भरात त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो. अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि आईवडील थकायला अजून वीस-तीस वर्षे असतात. त्या वर्षांत हा तरुण किंवा ही तरुणी सकाळी उठून कुठे जाणार, काय करणार, कोणाला भेटणार? हे पुस्तक त्या वर्षांबद्दल आहे. बौद्धिक दिव्यांग तरुणांना कामापर्यंत आणि कामाच्या वाटेने चार माणसांत नेणाऱ्या सोबत्यांसाठी ते लिहिलेले आहे.

बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे. जन्माआधी, जन्मताना किंवा वाढीच्या वयात मेंदूच्या विकासावर परिणाम झालेला असतो. कारण कधी डाउन सिंड्रोमसारखे जनुकीय असते, कधी प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडलेला असतो, कधी लहानपणी मेंदूज्वर होऊन गेलेला असतो, आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. अशा व्यक्तीला समजून घ्यायला वेळ लागतो, अमूर्त गोष्टी जड जातात, आणि एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे विशेष अवघड जाते. म्हणूनच निदान करताना केवळ बुद्ध्यंक पाहून भागत नाही; रोजचे व्यवहार ती कितपत सांभाळते हेही पाहावे लागते. रोजचे व्यवहार शिकवता येतात. पंचविशीत येतात, पस्तिशीतही येतात. या पुस्तकाचा सगळा भरवसा या गोष्टीवर आहे.

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कायद्याने सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरा पूर्ण झाली की घरातले घड्याळ बदलते. सकाळचा गणवेश नाही, डबा नाही, कोपऱ्यावर थांबणारी बस नाही. काही दिवस सुट्टी असल्यासारखे वाटते, मग दूरदर्शन संचासमोरचा वेळ वाढतो, वजन वाढते, चिडचिड वाढते. शाळेत कष्टाने शिकवलेले बटण लावणे, सही करणे, नोटा ओळखणे वापरात नसल्यामुळे पुसट होत जाते. घरचे म्हणतात, "हल्ली फार हट्टी झालाय." पण वीस वर्षांच्या कोणत्याही निरोगी तरुणाला दिवसभर घरात बसवून ठेवले, तर तोही हट्टी होईल.

हा प्रश्न किती घरांचा आहे? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमता असलेल्या होत्या. यांच्या रोजगाराचा विचार आपल्या कायद्यात फार उशिरा आला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण ठेवले, ते दृष्टी, श्रवण आणि हालचालींशी संबंधित अपंगत्वासाठी. बौद्धिक अक्षमतेला त्याच कायद्याने अपंगत्व म्हणून मान्यता दिली होती, नोकरीच्या आरक्षणात मात्र तिला जागा नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालकत्वाची व्यवस्था उभी केली. त्याचा भर सांभाळण्यावर होता. २००७मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहे. पुढे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यात आरक्षण ४ टक्क्यांवर गेले आणि बौद्धिक अक्षमतेचा त्यात प्रथमच समावेश झाला.

ही मोठी पायरी होती, पण तिची उंची नीट मोजली पाहिजे. वाढलेला १ टक्का एकट्या बौद्धिक अक्षमतेसाठी नाही. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेले सगळे त्यात वाटेकरी आहेत. त्यात बहुतेक पदांना शालेय परीक्षेची किंवा त्यापुढची अट असते आणि निवड लेखी परीक्षेतून होते. ज्याचे बलस्थान हातातले काम आहे आणि ज्याची अडचण नेमकी लेखी परीक्षा आहे, त्याच्यासाठी हे दार उघडे असूनही अरुंद आहे. खाजगी क्षेत्रासाठी कायदा एवढेच सांगतो, की मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे. तेव्हा बौद्धिक दिव्यांग तरुणाची नोकरी आज प्रामुख्याने राजपत्रातून येणार नाही. बेकरी, हॉटेल, रोपवाटिका, छापखाना, दवाखान्याचे धुलाईघर, किराणा दुकान, कार्यालयाचा टपाल विभाग, अशा ठिकाणी कोणीतरी त्याच्याबरोबर जाऊन ती मिळवून द्यावी लागेल.

महाराष्ट्रात या कामाची जमीन ओसाड नाही. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी १९४४मध्ये मुंबईत स्वतःच्या घरी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील संस्था. सिंधुताई जोशी यांनी १९६४मध्ये पुण्यात कामायनी उभी केली. पुढच्या पिढीत, मुले मोठी झाली तसे पालकच संघटित झाले. बदलापूरचे आधार आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे घरकुल ही अशा पालकांच्या जिद्दीची उदाहरणे आहेत. रोजगाराकडे थेट पाहणाऱ्या प्रयत्नांत डॉ. राधिके खन्ना यांच्या पुढाकाराने मुंबईत १९९१मध्ये सुरू झालेल्या ओम क्रिएशन्सचे नाव घ्यावे लागते. तिथल्या मुली खाद्यपदार्थ आणि कलावस्तू तयार करून कमावू लागल्या. अलीकडे, २०१८मध्ये, यश चॅरिटेबल ट्रस्टने जुहूला कॅफे अर्पण सुरू केले. तिथे बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेले तरुण स्वयंपाकघरात काम करतात आणि टेबलावर येऊन गिऱ्हाइकाशी बोलतातही. २०२३मध्ये दिव्यांगांनी चालवलेले मिट्टी कॅफे थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात आले.

या सगळ्याच्या मधोमध आपल्या ओळखीची कार्यशाळा आहे. दिवाळीच्या आधी पणत्या रंगवणारी, उटण्याच्या पुड्या भरणारी, कंदील चिकटवणारी. राखीपौर्णिमेला राख्या, एरवी फायली, पाकिटे, कागदी पिशव्या. या कार्यशाळांनी हजारो घरांना आधार दिला आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत, अपुऱ्या अनुदानावर आणि त्याहून अपुऱ्या मानधनावर त्या चालवणाऱ्या शिक्षिकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण तीन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. सणापुरती मागणी असल्यामुळे तिथले काम वर्षभर पुरत नाही. मिळणारी रक्कम विद्यावेतनाच्या पुढे क्वचित जाते. आणि तिथे आलेला तरुण त्याच्यासारख्याच तरुणांना आणि त्याच्या शिक्षकांनाच भेटतो. बाहेरचे जग वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या मांडवात, त्याच्यासमोरून जाते. "अजून तयार नाही" या शेऱ्यावर माणसे तिथे पंधरा-पंधरा वर्षे राहतात. कशासाठी तयार, आणि ती तयारी कोणी, कधी तपासायची, हे ठरलेले नसते.

या शेऱ्याला पहिला जोरदार धक्का अमेरिकेत मार्क गोल्ड या मानसशास्त्रज्ञाने दिला. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने संरक्षित कार्यशाळांतल्या, 'यांना काही जमणार नाही' असे ठरवलेल्या व्यक्तींना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवले. डझनाहून अधिक भाग, ठरलेल्या क्रमाने. ते जमले, आणि चांगले जमले. गोल्डने कामाचे इतके बारीक तुकडे केले, की प्रत्येक तुकडा शिकणाऱ्याच्या आवाक्यात यावा. शिकणारा अडला, तर दोष शिकवण्यात शोधायचा आणि दुसऱ्या रीतीने शिकवून पाहायचे, हा त्याचा आग्रह होता. पुढे व्हर्जिनियात पॉल वेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार कार्यशाळेबाहेर, खऱ्या नोकरीच्या जागी नेला. तोवरचा क्रम होता आधी प्रशिक्षण, मग नोकरी. त्यांनी तो उलटा केला. आधी नोकरी लावायची, मग त्या जागीच प्रशिक्षण द्यायचे, आणि शिकवणारा माणूस, म्हणजे जॉब कोच, काही काळ त्याच्याबरोबर कामावर ठेवायचा. १९८६मध्ये या पद्धतीला अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात स्थान मिळाले. २००२मध्ये व्हरमाँट राज्याने आपली शेवटची संरक्षित कार्यशाळा बंद केली.

क्रम उलटा करण्यामागचे कारण वर येऊन गेले आहे. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे हीच जर या तरुणांची मुख्य अडचण असेल, तर कार्यशाळेत वर्षानुवर्षे सराव करून घेऊन मग हॉटेलात पाठवणे म्हणजे नेमक्या त्या अडचणीवर सारी मदार ठेवणे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही ही म्हण सर्वांनाच लागू आहे. या तरुणांना ती इतरांहून जास्त लागू आहे. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: तयार होण्याची वाट पाहू नका, काम शोधा आणि कामावरच तयार करा. मात्र पाण्यात ढकलून काठावरून हाका मारणे म्हणजे सोबत नव्हे. सोबत्याला स्वतः पाण्यात उतरावे लागते.

ते उतरणे कसे असते हे एका कामातून पाहू. बेकरीत टोस्टच्या पुड्या भरण्याचे काम आहे. ऐकायला सोपे. सोबत्याने आधी दोन-तीन दिवस ते स्वतः करून पाहायचे आणि कागदावर उतरवायचे: पिशवी घ्यायची, तोंड उघडायचे, टोस्ट मोजून घालायचे, वजनकाट्यावर ठेवायचे, तोंड सील करायचे, क्रेटमध्ये उभी लावायची. आता आपला तरुण कुठे अडेल? त्याला दहापर्यंत खात्रीने मोजता येत नाही. मग मोजणे शिकवण्यात सहा महिने घालवायचे कारण नाही. दहा खाच्यांचा एक लाकडी साचा बनवायचा. सगळे खाचे भरले की दहा झाले. काट्यावरचे आकडे वाचता येत नाहीत, तर तबकडीवर योग्य वजनाच्या जागी लाल चिकटपट्टी लावायची. काटा लाल पट्टीवर आला की पुडी बरोबर. सील करायच्या यंत्राचा दिवा विझेपर्यंत दांडा दाबून धरायचा, हे एकदा दाखवले की पुरते, कारण दिवा स्वतःच सांगतो. अशी साधने सोय म्हणून एकाला दिली, की शेजारचे कामगारही ती हळूच वापरू लागतात.

शिकवताना पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करावी. पहिल्या दिवशी सगळे सोबत्याने करायचे, शेवटची पुडी क्रेटमध्ये तरुणाने ठेवायची. मग सील करणे आणि ठेवणे. मग वजन, सील आणि ठेवणे. त्यामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरे होते, आणि पुरे झाल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते. मदत हात धरून करता येते, खुणेने करता येते, बोलून करता येते. आपल्याला वाटते बोलणे सर्वांत सौम्य. प्रत्यक्षात तीच मदत काढून घेणे सर्वांत कठीण जाते. "हं, आता पुढे?" असे सतत ऐकायची सवय लागली, की त्या शब्दांशिवाय हात पुढे सरकत नाही. म्हणून चांगला सोबती कमी बोलतो. तो पहिल्या आठवड्यात शेजारी उभा असतो, मग टेबलाच्या पलीकडे, मग दाराशी, मग दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा येतो. त्याची जागा बेकरीतलाच एखादा सहकारी घेतो. आवडीने घेईल असा सहकारी पहिल्या दिवसापासून हेरून ठेवावा लागतो. सोबत्याशिवाय काम चालू लागले, तरच सोबत्याचे काम झाले.

नोकरी जाते ती मात्र पुडी नीट न भरल्यामुळे क्वचित. ती जाते अवतीभोवतीच्या गोष्टींमुळे. मालक घाईत म्हणतो, "दोन मिनिटं थांब," आणि तरुण तासभर तिथेच उभा राहतो, कारण त्याने ते शब्द जसेच्या तसे घेतलेले असतात. कोणी चिडवले तर तो धावून जातो किंवा काही न सांगता घरी निघून येतो. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याचा डबा उघडतो. ताप आला तर कळवत नाही. हे सगळे शिकवण्याचे विषय आहेत आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे. प्रवासाचेही तसेच. आधी सोबती बसमध्ये शेजारी बसतो, मग मागच्या बाकावर, मग दुचाकीवरून बसच्या मागे, मग फक्त उतरायच्या थांब्यावर उभा असतो. थांबा चुकला तर काय, पावसात लोकल अडकली तर कोणाकडे जायचे, खिशातले कार्ड कोणाला दाखवायचे, याचा सराव कोरड्या दिवसांतच करून घ्यावा लागतो. पगाराचे म्हणाल तर क्यूआर कोडमुळे सुटे पैसे मोजण्याची एक अडचण दूर झाली आहे. पण ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हा धडा आता नोटा ओळखण्याइतकाच पहिला झाला आहे.

मालकांशी बोलताना दयेची भाषा वापरू नये असा आमचा आग्रह आहे. दयेने मिळालेली नोकरी मालकाचे मन बदलले की जाते. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, फोटोपुरते बोलावणे आणि चार तारखेला विसरणे हे पुष्कळ ठिकाणी घडते. मालकाला सरळ सांगावे: तुमच्याकडे अमुक काम रोज साचते, ते हा माणूस करील, त्याला शिकवायची जबाबदारी सोबत्याची, कायद्यात सांगितलेल्या वाजवी सोयी, म्हणजे चित्रांतली कामाची यादी, एकच ठरलेला पर्यवेक्षक, ठरलेली जागा, सुरुवातीला कमी तास, एवढ्या तुम्ही द्यायच्या, आणि इतरांना जे किमान वेतन ते यालाही. कामात कसूर झाली तर इतरांना जसे बोलाल तसे यालाही बोला. "जाऊ दे, त्याला काय कळतंय," असे म्हणून जो मालक त्याचे उशिरा येणे खपवून घेतो, तो त्याला कामगार मानतच नाही.

पालकांच्या भीतीकडे मात्र कोणी उपदेशाच्या सुरात पाहू नये. ती भीती अनुभवातून आलेली असते. रस्त्यावर चिडवणारे असतात, फसवणारे असतात, आणि मुलीच्या बाबतीत त्याहून वाईट काही घडण्याची शक्यता असते. म्हणून मुलींना घरात ठेवण्याचा कल जास्त दिसतो. पण घरात ठेवलेली मुलगी सुरक्षित राहते हा समज आहे. कोणाला नकार द्यावा, कोणाजवळ तक्रार करावी हे जिला कधी शिकवलेच नाही, ती घरातही असुरक्षितच असते. शरीराच्या सुरक्षिततेचे शिक्षण आणि एकटीने प्रवास करण्याचे शिक्षण हातात हात घालून द्यावे लागते.

दुसरी भीती कागदपत्रांची. सरकारी नोकरीतल्या पालकांना वाटते, की मूल कमावू लागले तर आपल्यानंतरचे त्याचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल. ती अगदीच निराधार नाही, कारण स्वतः उपजीविका करू न शकणे ही त्या निवृत्तिवेतनाची अट आहे. पण केंद्र सरकारने २०२१मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग अपत्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा बरीच सैल केली. नोकरी नाकारण्याआधी आपल्याला लागू असलेला नियम नीट विचारून घ्यावा. तीच गोष्ट पालकत्वाची. बँकेने मागितले म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेतले जाते आणि मग सगळे निर्णय आईवडीलच घेऊ लागतात. २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते, आणि संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून. कोणते काम आवडते हे त्या तरुणालाच विचारले पाहिजे. बोलता येत नसेल तर तीन ठिकाणी काही दिवस काम करू द्यावे आणि सकाळी कुठे जायला तो आधी तयार होतो हे पाहावे.

नोकरी हे समाजात सामील होण्याचे दार आहे, पण दार ओलांडून आत जाणे हे वेगळे काम आहे. आजही दुकानदार वीस वर्षांच्या तरुणाकडे न पाहता त्याच्या आईला विचारतो, "याला काय हवंय?" लग्नात पाहुणे त्याच्या गालाला हात लावून "कसा आहेस बाळ" म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. कमाई आली की यात फरक पडतो. तो गणपतीच्या मंडळाला स्वतःच्या पगारातून वर्गणी देतो आणि पावतीवर वडिलांचे नाही, त्याचे नाव लिहिले जाते. पुढच्या वर्षी कार्यकर्ते त्यालाच भेटायला येतात. सोबत्याने अशा जागा मुद्दाम शोधाव्यात: व्यायामशाळा, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, सोसायटीची सभा. मतदार यादीत नाव नोंदवणे ही त्यातली एक. बहुतेक पालक ते नोंदवतच नाहीत, कारण कायदा मनाई करतो असा त्यांचा समज असतो. सक्षम न्यायालयाने मनोविकल घोषित केलेल्या व्यक्तीलाच मतदार नोंदणीपासून वगळता येते. केवळ बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे म्हणून कोणाचे नाव नाकारता येत नाही.

आपल्या मनातले चित्र बदलते आहे हे मराठी चित्रपटातही दिसते. १९९१च्या 'चौकट राजा'तील नंदू दिलीप प्रभावळकर यांनी साकारला आणि एका पिढीला त्याने या माणसांकडे मायेने पाहायला लावले. २०१४चा 'यलो' आला तो पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या गौरीने त्यात स्वतःची भूमिका स्वतः केली. पडद्यावरची भूमिका हेही कामच असते, आणि ते तिला मिळाले. गौरीच्या त्या कहाणीत एक प्रशिक्षकही आहे. तो तिच्याकडून मेहनत करून घेतो. प्रत्येक तरुणाला असा एक माणूस मिळावा, एवढेच हे पुस्तक मागते.

सगळेच तरुण खुल्या बाजारात नोकरी करतील असा दावा इथे केलेला नाही. तीव्र अक्षमता, जोडीला झटके येण्याचा आजार किंवा हालचालींच्या मर्यादा असतील, तर कार्यशाळा, घरचा व्यवसाय किंवा दिवसाचे काही तासच काम हाच योग्य मार्ग ठरतो, आणि तोही सन्मानाचा आहे. खेड्यांत तर असे तरुण आधीपासून कामात असतात: गुरे राखतात, पाणी भरतात, शेतात राबतात. त्यांचे काम मोजले जात नाही आणि मजुरी कोणी देत नाही. तिथे सोबत्याचे पहिले काम नवे प्रशिक्षण देण्याचे नसते. चालू असलेल्या कामाला मोबदला आणि मान मिळवून देण्याचे असते. शेळ्यांतल्या दोन त्याच्या नावावर करणे, दूध संकलन केंद्रावर त्याच्या नावाची नोंद उघडणे अशा साध्या गोष्टींपासून ते सुरू होते.

हे सारे फक्त भल्या माणसांच्या सवडीवर चालणार नाही. सोबत्याचे काम पूर्ण वेळेचे, कौशल्याचे आहे आणि त्याचे मानधन कोणीतरी दिले पाहिजे. महाराष्ट्राने २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. राज्यातल्या ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्वांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो पुष्कळदा एकरकमी मदत किंवा वस्तुवाटपावर खर्च होतो. त्यातूनच प्रत्येक तालुक्यात दोन प्रशिक्षित सोबती नेमता येतील. वाटलेली वस्तू वर्षा-दोन वर्षांत जुनी होते. कामाला लागलेला तरुण तीस वर्षे कमावतो.

या पुस्तकातली प्रकरणे क्रमाने वाचायला हवीत असे नाही. पालकांनी कागदपत्रांचे आणि सुरक्षिततेचे प्रकरण आधी वाचावे, विशेष शिक्षकांनी कामाचे तुकडे पाडण्याचे, मालकांनी वाजवी सोयींचे. जे यांपैकी कोणीच नाहीत, त्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या दुकानात, कारखान्यात, कार्यालयात किंवा सोसायटीत रोज साचणारे, कोणालाच करायला सवड नसलेले एखादे काम असेलच. ते कागदावर लिहून जवळच्या विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जा आणि विचारा, हे कोण करील? देणगीची पावती नंतर फाडता येईल; आधी एका माणसाला कामावर बोलवा आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार त्याच्या हातात द्या.